कमरेला न जाणवणारं पिस्तूल

वेंडेल स्ट्राउडच्या घरात दोन आठवड्यांपासून दोन पिस्तुलं नांदत होती, आणि त्याच्या बायकोने, नेडीनने, निकाल देऊन टाकला होता: एक ठेवायचं, एक विकायचं. कुठलं ते त्याने ठरवावं, पण लवकर ठरवावं.

"पोरीने नवरा आणून उभा केला तेव्हा तू एवढी चौकशी केली नव्हतीस," ती म्हणाली.

"त्याला काही मला कमरेला लावून फिरायचं नव्हतं," वेंडेल म्हणाला.

आता आमच्या हॉलिस फोर्कमध्ये कमरेला पिस्तूल असणं यात काही विशेष नाही. गावातले निम्मे पुरुष त्यापायी शर्ट एक माप मोठा घेतात. असावं, पण दिसू नये, एवढाच शिष्टाचार. आणि तो शिष्टाचार गावाला शिकवणारा माणूस म्हणजे हा वेंडेल. टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात उमेदीची वर्षं गेली, गुडघे गेले, तेव्हापासून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका शनिवारी त्याचा वर्ग. हॉलिस फोर्कमध्ये पिस्तूल बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, शिकलात कुठे? वेंडेलकडे. या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

दोनांपैकी एक पिस्तूल जुनं, पोलादी, एकोणीस वर्षं उजव्या कमरेला बसलेलं. उन्हाळ्यात कातडं सोलायचं, ट्रकमध्ये चढताना बरगडीत घुसायचं, पट्टा सारखा खाली ओढायचं. दुसरं नवं, तळहाताएवढं. वजन जुन्याच्या निम्मं, गोळ्या उलट दोन जास्त. जुन्याला बाजूला सेफ्टीची कडी होती, ती सरकवल्याशिवाय चाप ओढता येत नसे; नव्याला ती भानगडच नाही, चाप ओढला की काम झालं. ऐन वेळी बोट थरथरत असताना कडी शोधत बसायला नको, म्हणून वेंडेलला तेही पसंत पडलं होतं. "लेका, हे लावलंस ना, की विसरून जाशील बघ," असं दुकानवाला गार्लंड टिब्ज काउंटरवर कोपर टेकून म्हणाला होता. गार्लंड त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

एक आठवडा जुनं, एक आठवडा नवं, असा वेंडेलने प्रयोग लावला होता. नव्याच्या आठवड्यात त्याने खिशातल्या डायरीत लिहिलं होतं: गवत कापलं, जाणवलं नाही. चर्चमध्ये तासभर बसलो, जाणवलं नाही. नातवाला खांद्यावर घेतलं, जाणवलं नाही. निकाल जवळजवळ लागलाच होता. शनिवारी दुपारच्या जेवणानंतर वर्गालाही तो सांगायचा, असं त्याने ठरवलं होतं.

त्या शनिवारी वर्गात चौदा जण होते. सकाळी वेंडेलने नेहमीचं पहिलं वाक्य ऐकवलं: पिस्तूल एकतर तुमच्या अंगावर, नाहीतर कुलुपात, तिसरी जागा नाही. हे तो नुसतं बोलत नसे. गेल्या वसंतात डेल हॅचर नावाच्या माणसाने जेवायला जाताना पिस्तूल ट्रकच्या सीटवर ठेवलं, तर वेंडेलने त्याला सगळ्यांदेखत वर्गातून हाकलून दिलं होतं. "असल्या माणसाने गलोल पण बाळगू नये," असं वर ऐकवलं. डेल बिचारा अजून त्याला पाहिलं की रस्ता बदलतो.

वर्गात केंड्रा प्रुइट नावाची तिशीची बाई होती. इस्पितळात रात्रपाळी करते, रिकाम्या पार्किंगमध्ये दोनदा एक माणूस मागे लागला, म्हणून आलेली. पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सहा वर्षांची टेसाही बरोबर. ती मागच्या खुर्चीवर बसून घोडे रंगवत होती.

बारा वाजता सगळे रस्त्यापलीकडच्या कॅटफिशच्या हॉटेलात गेले. गार्लंडही येऊन बसला. वेंडेल आल्या आल्या बाथरूमला जाऊन आला आणि टेबलाच्या टोकाला बसला. तळलेले मासे आले, मक्याची भजी आली, गोड चहाचे जग आले. गप्पा रंगल्या, आणि वेंडेलला रंग चढला.

"बरं, परीक्षा घेतो," तो खुर्ची मागे सारून उभा राहिला. दोन्ही हात पसरून सावकाश गिरकी घेतली. "सकाळपासून माझ्या अंगावर नवं पिस्तूल आहे. कुठे आहे सांगा."

"घोट्याला!" कुणीतरी ओरडलं.

"घोट्याला काय, मी गुप्तहेर आहे?"

"पोटावर," दुसरा म्हणाला, "पण तिथे आधीच बरंच काही आहे, कळत नाही." सगळे खिदळले.

केंड्रा मात्र डोळे बारीक करून बघत होती. टेसा नुकतीच खुर्चीवरून उतरून बाथरूमकडे गेली होती. मोठी झालेय, एकटी जाते, असं आईला बजावून. "उजव्या कमरेला, जरा मागे," केंड्रा म्हणाली. "पण खरं सांगू, मिस्टर वेंडेल? काहीच दिसत नाहीये."

"शाब्बास! तेच तर!" वेंडेल म्हणाला, आणि सवयीने उजवं कोपर कमरेला दाबलं.

कोपराला हाड लागलं. शर्ट, पट्टा आणि हाड.

तो हसत राहिला. तोंडावरचं हसू काढायचं कसं तेच त्याला सुचेना. बाथरूम. पँट उतरवताना पिस्तूल फरशीवर आपटू नये म्हणून त्याने ते म्यानासकट काढून वरच्या फळीवर, हात पुसायच्या कागदांच्या गठ्ठ्यामागे ठेवलं होतं. जुनं असतं तर पँट वर चढवताना पट्टा हलका लागला असता आणि तिथल्या तिथे कळलं असतं. नव्याचं काय, असलं काय नि नसलं काय, कमरेला सारखंच. नळीत गोळी होती. कडी नव्हती.

"आलोच," तो म्हणाला. "म्हातारपणीचं मूत्राशय."

"आत्ताच तर जाऊन आलास!" गार्लंड ओरडला, आणि पुन्हा खिदळणं झालं.

हॉटेलात बाथरूम एकच. दार बंद. वेंडेलने मूठ फिरवली, दार हललं नाही. आतून खिटी लावलेली.

"मी आहे आत!" टेसाचा आवाज आला.

दहा पावलांवर पंधरा माणसं बसली होती. एक शब्द मोठ्याने बोलायचा की संपलं. सगळे धावले असते. पण मग डेल हॅचरला कळलं असतं, सोमवारी गावाला कळलं असतं. एकोणीस वर्षं कमावलेलं नाव मक्याच्या भज्यांबरोबर चघळलं गेलं असतं. आणि पोरगी आता बाहेर येईलच की. मिनिटाचा प्रश्न. फळी उंच आहे, कागदाचा गठ्ठा पुढे आहे, तिला दिसायचंही नाही. असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि सांगता सांगता त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"मिस्टर वेंडेल!" टेबलावरून केंड्राने हाक मारली. "टेसा आहे का हो आत? वेळ लावतेय का ती?"

"लावू दे की," वेंडेल म्हणाला. "मला कुठे घाई आहे?"

आतून पाण्याचा आवाज आला, थांबला. मग गाणं सुरू झालं, घोड्याबद्दलचं काहीतरी, स्वतःच रचलेलं. पोरगी निघायचं नाव घेईना. वेंडेलने इकडेतिकडे पाहिलं आणि दाराच्या फटीला तोंड लावलं.

"टेसा. बाळा," तो कुजबुजला. "वरच्या फळीवर, कागदाच्या मागे, एक काळी वस्तू आहे ना, तिला हात लावायचा नाही हं. नुसती बाहेर ये. आणि हे आईला सांगायचं नाही. आपलं दोघांचं गुपित."

गाणं थांबलं.

"हो सर," टेसा म्हणाली.

गुणी पोर, असं वेंडेलच्या मनात आलं. आत काहीतरी लाकडी फरशीवरून सरकलं. लहान मुलांना बेसिनपर्यंत हात पुरावा म्हणून ठेवलेलं स्टूल असणार. हात धुतेय. आता येईल. त्याने पाण्याच्या आवाजाची वाट पाहिली. पाणी आलंच नाही.

मग टक असा आवाज झाला.

हा आवाज वेंडेलला झोपेतही ओळखता आला असता. कडक प्लॅस्टिकच्या म्यानातून पिस्तूल ओढलं की होतो तो.

"केंड्रा!" तो असा ओरडला की स्वयंपाकघरातलं तळणसुद्धा थांबलं. "केंड्रा, पळ! माझं पिस्तूल आत राहिलंय! तिच्या हातात आहे!"

खुर्च्या आपटल्या. केंड्रा कशी आली ते कुणाला दिसलं नाही. ती दाराशी होती एवढं खरं. वेंडेल दारावर धडका मारत होता, "टेसा, टाक ते, टाक खाली!" असं किंचाळत होता. केंड्राने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

"खाली टाकायला सांगताय? आपटून उडालं तर? गप्प बसा," ती दातांमधून म्हणाली. "एक शब्द काढू नका." आणि दाराकडे वळून, इतक्या साध्या आवाजात की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, तिने विचारलं, "टेसी, काय करतेस गं?"

"तू रागावशील," बारीक आवाज आला.

"नाही रागावणार. शप्पथ. हातात काय आहे?"

"मी नुसतं बघत होते."

"हो ना. बोट कुठे आहे तुझं, राणी?"

"भोकात," टेसा म्हणाली.

म्हणजे चापापाशी, हे सगळ्यांना कळलं; मागे उभ्या असलेल्या कुणीतरी देवाचं नाव घेतलं. गार्लंडने हात करून सगळ्यांना दारासमोरून बाजूला ढकललं. केंड्रा मात्र तिथेच, दाराला गाल लावून उभी राहिली. तिचा आवाज हलला नाही.

"बोट हळूच बाहेर काढ. काढलंस? छान. आता बेसिन आहे ना समोर, त्यात ते ठेव. बाळ झोपवतो तसं ठेवायचं, भिंतीकडे तोंड करून. आवाज नको व्हायला."

वेंडेलने डोळे मिटले. त्याला आत काहीच ऐकू येईना. नंतर चिनीमातीला काहीतरी लागल्याचा बारीक आवाज आला.

"ठेवलं."

"आता मला तुझे हात ऐकायचेत. दोन्ही. दारावर थापट्या मार बघू, दोन्ही हातांनी, खूप जोरात."

थाप थाप थाप थाप. चारदा, पाचदा, दहादा. दोन लहान तळवे, एकदमच. केंड्राने पलीकडून आपले दोन्ही तळवे दारावर टेकले होते आणि ती रडत होती, पण तोंडाने "अजून, अजून जोरात" म्हणत होती.

"आता त्याच दोन हातांनी खिटी ओढ."

खिटी सरकली. दार उघडताच केंड्राने पोरीला उचललं आणि ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. वेंडेल आत गेला. बेसिनमधलं पिस्तूल उचलून त्याने मॅगझिन काढलं, नळीतली गोळी काढली. गोळी त्याच्या बोटांतून निसटून फरशीवर गडगडत गेली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या नजरांत राग नव्हता. हेच त्याला झेपेना.

"होतं रे," गार्लंड त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "कुणाचंही होतं. लगेच ध्यानात आलं, लगेच ओरडलास, हे महत्त्वाचं. दुसरा असता तर इज्जतीपायी गप्प बसला असता." दोघातिघांनी माना हलवल्या. केंड्राने वर पाहिलं. तिच्या गालांवरून अजून पाणी वाहत होतं. "ओरडलात म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही ओरडला नसतात तर..."

आता वेंडेल नुसता मान खाली घालून उभा राहिला असता तरी भागलं असतं. बाकीचं काम लोकांनी आपणहून केलंच होतं.

"पण मला ते दिसलंच नव्हतं," टेसा आईच्या खांद्यातून म्हणाली. आपल्याला कुणीतरी चोर समजतंय, असं तिला वाटत होतं. "मी शोधलं नाही, आई. मी गाणं म्हणत होते. या आजोबांनी दारातून सांगितलं, वर कागदाच्या मागे काळी वस्तू आहे म्हणून. मग मी स्टूल घेतलं. ते म्हणाले, आईला सांगू नको."

"अगं पोरी, घाबरलीयस तू," गार्लंड घाईघाईने हसत म्हणाला. "असं कोण सांगेल? भास झाला असेल तुला." आणि त्याने वेंडेलकडे पाहिलं. वाट मोकळी करून दिली होती त्याने. सहा वर्षांच्या पोरीपुढे वेंडेल स्ट्राउडचा शब्द. गावात कुणीही वेंडेलचाच धरला असता.

"भास नाही, गार्लंड," वेंडेल म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "ती खरं बोलतेय. टेबलापाशीच मला कळलं होतं. मी दोन-तीन मिनिटं इथे उभा होतो. केंड्राने हाक मारली तेव्हाही मला माहीत होतं. तुम्हा लोकांना कळू नये म्हणून गप्प होतो, आणि तुम्हाला कळू नये म्हणूनच पोरीच्या कानात कुजबुजलो."

गार्लंडचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला.

केंड्रा पोरीला घेऊन उठली. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, असं वेंडेलला वाटलं. खरं म्हणजे मारावी असंच वाटलं. ती उघड्या दारातून आतल्या फळीकडे बघत होती.

"तिथे तिची नजर गेलीच नसती," ती म्हणाली. "तुम्ही लगेच ओरडला असतात तरी चाललं असतं. अगदी काहीच बोलला नसतात, तरीसुद्धा चाललं असतं."

ती पोरीला घेऊन बाहेर पडेपर्यंत वेंडेल ते रिकामं पिस्तूल दोन्ही हातांत धरून उभा होता.