चौथ्या पानावरची दुरुस्ती

धाकटीला फॉर्मची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती तिच्या नवऱ्याला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सोळाव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून गाणं गुणगुणणारा हा माणूस, पण छापील रकाना समोर आला की त्याची नजर ओळीवर ठरायची नाही. म्हणून नऊ वर्षांपूर्वी या देशात कायमचं राहण्याचा अर्ज भरायला दोघं टेबलाशी बसले, तेव्हा वाचायचं तिने आणि लिहायचं त्याने अशी वाटणी झाली. ती फक्त जाड अक्षरं वाचायची. बारीक अक्षरं सरकार स्वतःच्या समाधानासाठी छापतं, असं तिचं ठाम मत होतं.

चौथ्या पानावर सातवा रकाना आला. "मुलं किती?" तिने वाचलं आणि त्याच दमात उत्तरही देऊन टाकलं, "एक."

नवऱ्याचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं. "एक?"

"मग काय दोन लिहिणार आहात? शब्द दिलाय आपण."

त्याने एक लिहिलं. खाली मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा. त्याच रकान्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'सोबत राहणारी, न राहणारी, इतरांच्या सांभाळात दिलेली, सर्व मुले.' ते दोघांपैकी कोणीही वाचलं नाही. खोटं बोलायचं असतं तर बाई जरा तरी चपापली असती. ही तर सही ठोकून, उद्याच्या डब्याची तयारी करून गाढ झोपली.

आता ही दुसरी कोण, ते सांगायला हवं. लग्नानंतर दोघी जावा एकाच घरात होत्या. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी, आणि सगळे त्यांना याच नावांनी ओळखायचे. थोरलीची कूस तीनदा भरली आणि तीनदा रिकामी झाली. धाकटीला आधी मुलगा झाला, दोन वर्षांनी मुलगी. बाळंतपणातून उठते न उठते तोच तिला कावीळ झाली, ती चांगली तीन महिने अंथरुणाला खिळली. बाळ थोरलीच्या खोलीत गेलं. ते रडायला लागलं की कुकरने लाजून मान खाली घालावी अशी शिट्टी काढायचं, म्हणून घरात तिचं नाव पडलं शिट्टी.

धाकटी उठून हिंडूफिरू लागली तेव्हा शिट्टी तिच्याकडे येईना. घेतलं की आकांत, थोरलीने हात पुढे केला की चिडीचूप. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी धाकटी म्हणाली, "राहू दे ताई, तुमच्याकडेच."

थोरली दुधाची वाटी खाली ठेवून उभीच राहिली. "राहू दे म्हणजे कसं? चार दिवस? द्यायची तर अख्खी दे. उद्या तुला माया दाटून आली तर मी काय करायचं? पुन्हा माझी म्हणायचं नाही. तिच्यासमोर नाही नि तिच्या माघारीही नाही."

"नाही म्हणणार," धाकटी म्हणाली.

माणसाला कधीकधी मोठं मन दाखवायची नशा चढते. तीन महिन्यांच्या आजारपणाने धाकटी पार खंगली होती, थोरलीच्या उपकारांनी वाकली होती, आणि थोरलीच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते पाहून तिला खरोखर धन्य वाटलं. नवऱ्याला तिने संध्याकाळी सांगितलं. तो सकाळी नेहमीपेक्षा लवकर कामाला गेला. कागद वगैरे कोणी केला नाही. घरच्या घरात कसला कागद? जन्मदाखल्यावर आई म्हणून जे नाव होतं ते तसंच राहिलं.

शब्द पाळण्यात मात्र धाकटीचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिट्टी तिला काकू म्हणायची, ती शिट्टीला पुतणी म्हणायची. नातेवाइकांत तिचं फार कौतुक व्हायचं, 'बाई असावी तर अशी, दिल्या शब्दाला जागणारी.' ते कौतुक तिला आवडायचं, हे इथे सांगून टाकलेलं बरं. शिट्टी सात वर्षांची असताना हे तिघं परदेशी आले, आणि मग तर शब्द पाळणं आणखीच सोपं झालं.

पुढे दीर गेले. गेल्या वर्षी थोरलीही गेली. शिट्टी शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे राहू लागली. तेव्हा नवराबायकोने अनाथ पुतणीला इथे आणण्याचा अर्ज केला, सोबत तिचा जन्मदाखला जोडला. स्वतःच्या हाताने जोडला! सतरा वर्षं काकू म्हणवून घेतल्यावर त्या दाखल्यावर कोणाचं नाव आहे, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. कचेरीच्या मात्र ध्यानात आलं. पत्र आलं, 'सदर मुलीची माता आपण असल्याचे दिसते. आपल्या पूर्वीच्या अर्जात मुलांची संख्या एक अशी आहे. तीस दिवसांत खुलासा करावा.'

वाचनालयाच्या वर एक मदतकेंद्र होतं. तिथल्या सल्लागार बाईंच्या नाकावर एक चष्मा असे आणि केसांत दुसरा. त्यांनी पत्र एका चष्म्यातून वाचलं, जुना अर्ज दुसऱ्यातून.

"लपवलंत?"

"नाही हो. विचारलं मुलं किती, तर आमच्याकडे एकच होता."

"खालची ओळ?"

धाकटीने ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा वाचली. कानशिलं तापली तिची.

"नियम असा आहे," बाई म्हणाल्या, "पहिल्या अर्जात ज्या मुलाचं नाव नाही, त्याला पुढे मूल म्हणून आणता येत नाही. पण चूक प्रामाणिक असेल आणि अधिकाऱ्याला पटली, तर दुरुस्ती होते. तीही मुलगी अठराची व्हायच्या आत. कधी होतेय?"

"चार महिन्यांनी."

"मग दोन कागद लागतील. तुमचं दुरुस्तीपत्र. चूक काय, कशी झाली, आधी का सांगितली नाही. आणि मुलीचं निवेदन, तिच्या हाताने. तुमचं तिचं नातं काय, आणि तिला इथे यायचं आहे का."

"तिला ठाऊक नाही."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला. "मग आधी तिला सांगा. ते काम मला करता येणार नाही."

धाकटी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. ड्रायरमधून निघालेली गरम चादर दोघींनी चार कोपऱ्यांत धरायची, ताणायची, अर्धी करायची, पुन्हा अर्धी. दिवसाला पाचशे. त्या आठवड्यात ती प्रत्येक चादरीगणिक एक वाक्य तयार करत होती आणि पुढच्या चादरीला मोडत होती. 'शिट्टी, एक सांगायचं होतं.' छे. 'तुला कधी वाटलं का गं.' छे. समोरची जोडीदारीण शेवटी म्हणाली, "अगं, कोपरा सोड की. चादर आहे, रणांगण नव्हे." धाकटी हसली आणि मग तोंड फिरवून मोज्यांच्या ढकलगाडीकडे गेली, कारण डोळे भरून आले होते. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती आणि भीतीच्या तळाशी आनंद होता. पत्राच्या निमित्ताने का होईना, सतरा वर्षांनी तिला 'आई' ही दोन अक्षरं स्वतःसाठी ऐकायला मिळतील, असं तिने मनात धरलं होतं. शिट्टी रडेल, रागावेल, मग येईल. मधली खोली रिकामी करायची, मुलाचं सामान हलवायचं, इथपर्यंत तिचे मनसुबे गेले होते.

रविवारी दुपारी तिने फोन लावला. नवरा शेजारी बसला होता. पहिली घंटा वाजताच तो नळ गळतोय का पाहायला उठला. नळ गळत नव्हता.

ती बोलली. तयार केलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. कावीळ, थोरली, दिलेला शब्द, फॉर्म, सातवा रकाना, सगळं एकात एक गुंतून बाहेर पडलं. मग शिट्टी म्हणाली, "मला माहीत आहे, काकू."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. सातवीत शाळेत दाखला द्यायचा होता, तेव्हा वाचला मी. आईला विचारलं. ती इतकी घाबरली, की मीच तिला जवळ घेतलं. म्हणाली, तुझ्या काकूनं मला शब्द दिलाय, ती बोलणार नाही. म्हटलं, ठीक आहे. मी कुठे जातेय?"

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस गं?"

"मी का बोलू? मला वाटायचं, तुम्ही बोलाल." तिचा आवाज चढला नाही, तेच धाकटीला सोसेना. "आई आजारी होती तेव्हा वाटलं, आता सांगतील. आई गेली तेव्हा तुम्ही आलात. दहा दिवस होतात. माझे केस विंचरून दिलेत. मी रोज वाट पाहिली, काकू. तुम्ही जायच्या दिवशी रिक्षात बसताना माझा हात धरलात, तेव्हा तर मला वाटलंच. तुम्ही म्हणालात, अभ्यास कर."

"शब्द दिला होता ताईंना."

"आईला दिला होता ना? आई तर गेली. मग कुणासाठी पाळत होतात?"

धाकटीजवळ याला उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते दहा दिवस तिच्या तोंडात शब्द घोळत होता आणि दर वेळी तिला वाटायचं, ही विचारेल, मला दिलंत कसं? एका सकाळी, वाटीभर दुधाच्या वेळात? त्या प्रश्नाला भिऊन ती शब्दाआड लपली होती. थोरली असेपर्यंत तो शब्द होता. थोरली गेल्यावर ती नुसती सोय झाली.

"आणि आज सांगताय," शिट्टी म्हणाली, "कारण रकाना भरायचा आहे."

"तसं नाही गं, बाळा."

"निवेदन पाठवते मी. नातं खरं तेच लिहीन, तुम्हाला अडचण नको. पण यायचं आहे का, तिथे 'नाही' असं लिहिणार आहे. माझं कॉलेज इथे आहे. आईचं घर इथे आहे, शेजारच्या बाई मला नीट सांभाळतात. तुम्ही त्या फॉर्मवर एक लिहिलंत ना, त्याचं मला वाईट नाही वाटलं. तेव्हा तुमच्याकडे एकच होता."

फोन ठेवल्यावर नवरा आत आला. धाकटीने त्याला सगळं सांगितलं. त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. मग म्हणाला, "त्या फॉर्मच्या दिवशी मी विचारलं होतं. एक? म्हणून." आणि लगेच म्हणाला, "पण मीही लिहिलंच की."

दुसऱ्या दिवशी तो जरा सावरला तेव्हा त्याने व्यवहाराची गोष्ट काढली. पोरगी येणार नसेल तर अर्ज मागे घ्यावा. अर्ज गेला की प्रश्न गेला. उगाच आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? चष्मेवाल्या बाईंचंही तेच मत पडलं. दुरुस्ती दिली तर जुना अर्ज पुन्हा उघडतील, चौकशी होईल, कदाचित काहीच होणार नाही, कदाचित होईल.

"चूक आहे की नाही?" धाकटीने बाईंना विचारलं.

"आहे."

"मग दुरुस्त करायची. तिने वाट पाहिली तेव्हा मी सांगितलं नाही. आता निदान कुठेतरी लिहून ठेवते."

आधी तिने तीन पानी पत्र तयार केलं होतं. त्यात थोरलीची तीन दुःखं होती, कावीळ होती, शब्द आणि त्याचं पावित्र्य होतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं पत्र. ते तिने फाडलं आणि नवं एका पानात बसवलं. 'मुलांची संख्या दोन वाचावी' असं लिहून खाली मुलीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहिली. जन्मतारीख लिहिताना तिला दाखला पाहावा लागला नाही. 'आधी का सांगितले नाही' या मुद्द्याशी ती सगळ्यांत जास्त वेळ अडली. शेवटी लिहिलं, 'जावेला दिलेला शब्द तिच्या मृत्यूपर्यंत पाळला. त्यानंतरचे चौदा महिने मी गप्प बसले, त्याला कारण नाही.'

बाईंनी ते वाचून पेन्सिल उचलली. "हे शेवटचं वाक्य काढा. अधिकारी नेमकं यावरच बोट ठेवील."

"ठेवू दे," धाकटी म्हणाली.

कुणीच बोट ठेवलं नाही. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. जेवणाच्या सुट्टीत, लाँड्रीच्या मागच्या पायरीवर बसून तिने पाकीट उघडलं. या खेपेला तिने बारीक अक्षरंही वाचली. चूक प्रामाणिक असल्याचं मान्य केलं होतं, कारवाई नव्हती. मुलीने संमती न दिल्याने तिचा अर्ज बंद केला होता. सोबत नव्या नोंदीचा उतारा होता आणि त्यात सातव्या रकान्यात लिहिलं होतं, मुले दोन. खाली दोन नावं, एकाखाली एक. सरकारदरबारी ती आता शिट्टीची आई होती, आणि हे तिने मागून घेतलं होतं.

तिने त्या उताऱ्याचा फोटो काढला आणि शिट्टीला पाठवला. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसताच पाठवला. सुट्टी संपली. चाळीस एक चादरी घड्या करून झाल्या तेव्हा एप्रनच्या खिशात फोन थरथरला. जोडीदारणीला थांब म्हणून तिने तो काढून पाहिला.

'मिळालं, काकू. तब्येतीला जपा.'