उत्तरचाचणी

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी आकडेमोड संपली आणि कुंदा चौधरी धुळ्यातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत एकटीच हसली. चार वर्षं ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते कागदावर उतरलं होतं. तिने तीनदा ताळा करून पाहिला. तीनही वेळा उत्तर तेच.

कुंदा रावेरकडची, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. धुळ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, पण नेमणूक तात्पुरती, दर वर्षी नव्याने. यंदा संस्थेने स्पष्टच सांगितलं होतं की जूनच्या आत पीएच.डी. हातात नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल. तिचं काम होतं शिंदखेड्याच्या पुढच्या एका गावात. झोप येत नाही, घास गिळवत नाही, कशात जीव लागत नाही, अशा चाळीस बाया तिने हुडकून काढल्या. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. वीस जणींसोबत दहा गुरुवार बैठक, तो प्रायोगिक गट. उरलेल्या वीस जणींना काहीच नाही, तो नियंत्रित गट. चाचणी मात्र चाळीसही जणींची, आधी एकदा आणि शेवटी एकदा. बैठकीतल्या बाया सावरल्या आणि दुसऱ्या होत्या तिथेच राहिल्या, तर फरक बैठकीमुळे पडला असं म्हणता येणार होतं.

बहुतेक बायांना लिहिता येत नव्हतं. म्हणून कुंदाने चिंचोक्यांची युक्ती काढली. तिने प्रश्न वाचायचा आणि जेवढा त्रास तेवढे चिंचोके बाईने वाटीत टाकायचे. फार असेल तर चार, काहीच नसेल तर वाटी रिकामी. पहिल्या चाचणीला वाट्या भरभरून वाहिल्या होत्या. आता शेवटच्या चाचणीला बैठकीतल्या वीस जणींच्या वाट्या जवळजवळ रिकाम्या होत्या आणि दुसऱ्या वीस जणींच्या होत्या तशाच. इतका स्वच्छ निकाल तिने पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता.

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी भटूभाऊ उभे होते. ज्या मंजुळाबाईंच्या ओसरीवर बैठका व्हायच्या, त्यांचे हे मालक. टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, भिकुबाईनी कपाशीनं औषध पिधं. सरकारी दवाखानामा शे. मंजुळा तठेच शे."

भिकुबाईने कपाशीवर फवारायचं विष घेतलं, हे कुंदाला आधी कळलंच नाही. भिकुबाई बैठकीतली. दहापैकी एकही गुरुवार न चुकवलेली, कोपऱ्यात बसणारी, कधी न बोलणारी. नोंदवहीत तिच्या नावापुढे कुंदाने 'सहभाग कमी' असं लिहिलं होतं. चौदावा प्रश्न होता, 'जगू नये असं वाटतं का?' पहिल्या वेळी भिकुबाईने चार चिंचोके टाकले होते. बारा दिवसांपूर्वी एकही नाही. कुंदाने स्वतःच्या हाताने तिथे शून्य मांडलं होतं.

दवाखान्यात भिकुबाई नाकात नळी, डोळे मिटलेले अशी पडली होती. छाती भात्यासारखी हलत होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येणार नाही. मंजुळाबाई बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. कुंदाला पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अक्का, त्या तर बऱ्या झाल्या होत्या ना? वाटी रिकामी होती त्यांची."

मंजुळाबाईंनी पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "बठ्ठ्यासनी वाट्या खोट्या व्हत्या, माय."

"सगळ्यांच्या?" कुंदाने विचारलं.

"तू मना चुल्हापान बठीसन रडनी व्हती ना? बायासले बरं वाटनं तरच मनं काम व्हई, नही ते नोकरी जाई, अशी बोलनी व्हती. मंग मी बठ्ठ्यासले सांगं. बैठकवाल्यासनी वाटी रिकामी ठेवानी, बाकीन्यासनी पहिलासारखी भरानी. इतलीशी पोर, उन्हातान्हात येस आपलाकरता. तिनं नुकसान कसाले करो?"

कुंदाला तो दिवस आठवला. सातवा गुरुवार. मंजुळाबाईंनी कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला होता. सकाळीच संस्थेचं पत्र आलेलं. घास तोंडात असतानाच तिला रडू फुटलं आणि ती मनातलं सगळं बोलून गेली. ज्यांची उत्तरं मोजायची, त्यांना आपल्याला काय हवंय ते कधी कळू द्यायचं नाही, हे एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ती दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची.

"आणि भिकुबाई?"

"ती नही म्हणे. म्हणे, मना जीव खरंच कावराबावरा व्हस, मी सांगसू. मीच तिले दटाडं. मीच, माय." मंजुळाबाईंनी कपाळ बडवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कुंदाने जळगावची एस.टी. धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तिला काही दिसलं नाही. तिचे मार्गदर्शक धनसिंग राजपूत पिंप्राळ्यात राहायचे. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते आणि कुंदा त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांनी आकडे पाहिले, मान डोलावली, मग भिकुबाईचं ऐकून चष्मा काढून ठेवला.

"वाईट झालं. फार वाईट. पण कुंदा, एक केस गळाली म्हणून अभ्यास पडत नाही. एकोणचाळीस राहतात. खाली तळटीप दे."

"एक नाही सर. चाळीसच्या चाळीस खोट्या आहेत."

"हे तुला त्या बाईने सांगितलं. रडताना सांगितलं. तो काही पुरावा नाही."

"मी त्यांच्याजवळ बोलले होते, सर. मला कोणता निकाल हवाय ते मीच सांगितलं."

सरांनी डोळे चोळले. आतून त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

"हे मला का सांगितलंस?" ते हळूच म्हणाले. "तुझा प्रबंध लवकरच दाखल होतोय म्हणून मी काल विद्यापीठात बोलून आलो. आता मला माहीत आहे म्हटल्यावर मी सही कशी करू? आणि नाही केली तर तुझी नोकरी. पुन्हा नव्या बायांचा नमुना, पुन्हा दोन वर्षं. कोण देणार तुला दोन वर्षं?"

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस," सर म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला आज तुझ्यासमोर बोलवणार नाही."

ती परत धुळ्याला आली तेव्हा भिकुबाई शुद्धीवर आली होती. नळी काढली होती, पण घसा सोलल्यासारखा झाला होता. नवरा हिलाल खाटेच्या पायाशी भिंतीला टेकून बसला होता. कुंदाला पाहून तो उठला आणि बाहेर गेला.

कुंदा स्टुलावर बसली. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "माझ्यामुळे झालं, भिकुबाई."

भिकुबाईने मान हलवली. "तुनामुळे नही." मग म्हणाली, "तू झोप इचारस, भूक इचारस. जगानं मन व्हस का, ते बी इचारस. काय व्हयनं, ते कोनी इचारं नही."

पाचव्या गुरुवारी बाया उठून गेल्यावर भिकुबाई मागे रेंगाळली होती. 'माले एक सांगनं शे,' म्हणाली होती. आणि कुंदाने घड्याळ पाहून सांगितलं होतं, 'पुढच्या बैठकीत सांगा हं, सगळ्यांसमोर.' सगळ्या जणींना सारखंच मिळायला हवं, एकीला जास्त वेळ दिला तर प्रयोग बिघडतो, असा नियम होता. नियमाप्रमाणे ती बरोबर वागली होती.

"आता सांगा," ती म्हणाली. "काय झालं?"

दुपारपासून दिवे लागेपर्यंत भिकुबाई तुटक तुटक बोलत होती. तिची थोरली मुलगी सुगंधा शिरपूरकडे दिलेली. तीन वर्षांपूर्वी भाजली. याच दवाखान्यात आणलेली. मायलेकी एकट्या असताना सुगंधाने आईला सांगितलं की सासूने रॉकेल ओतलं आणि नवरा दार धरून उभा होता. पोलीस जबाब घ्यायला येईस्तोवर मुलीची वाचा गेली आणि मग जीवही. हिलाल आणि त्याचे भाऊ व्हरांड्यात भिकुबाईला बाजूला घेऊन म्हणाले, गेलेली काही परत येत नाही. धाकटी लग्नाची आहे, कोर्टकचेरीच्या घरात कोण सोयरीक करील? स्टोव्हचा भडका उडाला असं सांग. भिकुबाईने तसं सांगितलं आणि कागदावर अंगठा दिला. त्यानंतर घरात सुगंधाचं नाव काढायला बंदी.

"एकडाव खोटा अंगठा दिधा," भिकुबाई म्हणाली. "मंग तुनी वाटी. मंजुळा म्हणे, पोरनं भलं व्हई. मी वाटी रिकामी ठी. घर परत उनू अन् वाटनं, आते मी कोनलेच खरं सांगाव नही. मरसू तवलग."

कुंदाने तिचा हात धरला. तिला रडण्याचीही लाज वाटत होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिने विद्यापीठाला पत्र दिलं. मिळालेली माहिती ग्राह्य धरता येत नाही, दोष बायांचा नाही, संशोधकाचा आहे, असं तिने त्यात लिहिलं आणि तो दोष कसा घडला ते दोन पानांत मांडलं. राजपूत सरांनी पत्राला आपली शिफारस जोडली, मुदतवाढ मागितली. मुदतवाढ मिळाली. नोकरी गेली. जूनमध्ये तिच्या जागी दुसरा माणूस रुजू झाला आणि तिने दहावीच्या शिकवण्या धरल्या. रावेरहून भाऊ आला, तू वेडी आहेस म्हणाला आणि न जेवताच निघून गेला. कित्येक दिवस ती सकाळी उठायची, साडी नेसायची आणि मग कुठे जायचं ते न सुचून खाटेवर बसून राहायची. प्रश्नावलीतले प्रश्न ती एकदा स्वतःलाच विचारू लागली आणि मध्येच थांबली.

जुलैत भिकुबाई मंजुळाबाईंबरोबर तिच्या खोलीवर आली. पायरीवरच म्हणाली, "माले पहिला जबाब फिरावना शे."

कुंदा तिला एका वकिलांकडे घेऊन गेली. वकिलांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "बाई, तेव्हा खोटं बोललात तर आज खरं बोलताय कशावरून? समोरचा वकील हेच विचारेल."

"इचारू द्या," भिकुबाई म्हणाली.

अर्ज दाखल झाला. त्याच महिन्यात धाकटीची ठरलेली सोयरीक मोडली. हिलालने भिकुबाईचं गाठोडं दारात ठेवलं. ती मंजुळाबाईंकडे राहायला गेली. धाकटी रस्त्यात आईला पाहून तोंड फिरवायची, आणि त्या दिवशी भिकुबाई जेवायची नाही. कुंदा दर गुरुवारी येत राहिली. चाचणी नाही, विषय नाही. काही गुरुवारी भिकुबाई बोलायची, काही गुरुवारी दोघी नुसत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. ती बरी होतेय की नाही, हे कुंदाला कळत नव्हतं आणि मोजायचं धाडस तिच्यात उरलं नव्हतं.

त्या अर्जावरून खटला उभा राहिला आणि दीड वर्षाने निकाल लागला. पुराव्याअभावी सासरची माणसं सुटली. भिकुबाईने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं होतं, मुलीचे शब्द जसेच्या तसे. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तिला सात वेळा खोटारडी म्हटलं. आठव्यांदा तो थांबला, कारण ती मुलीचं तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात बोलली.

निकाल ऐकून दोघी धुळ्याच्या स्टँडवर आल्या तेव्हा शिंदखेड्याची गाडी लागली होती. भिकुबाईने गर्दीतून पुढे घुसून खिडकीशी जागा धरली आणि कुंदाला बोलावलं. गाडी देवपुरातून बाहेर पडली. मग ती बोलायला लागली. सुगंधा दोन वर्षांची असताना तिला विंचू चावला होता आणि ती रडायच्या ऐवजी विंचवालाच मारायला धावली होती. शाळेत तिला पाढे येत नसत, पण गाणी एकदा ऐकली की पाठ. केस फार दाट होते, विंचरताना कंगवा मोडायचा. मागच्या बाकावरची माणसं पुढे झुकून ऐकत होती. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. कुंदाला वाटलं तिला जरा हळू बोलायला सांगावं. तिने सांगितलं नाही, आणि भिकुबाई शिंदखेडा येईपर्यंत त्याच मोठ्या आवाजात सुगंधाबद्दल बोलत राहिली.