तव्याशेजारची दहा मिनिटं

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे, कडांना तेल लागलं आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. मी एक जुना टॅब. कोरियातल्या आन्दोंग गावी, एका थोरल्या घराच्या स्वयंपाकघरात, तव्याशेजारी, मिठाच्या बरणीला टेकून मी उभा असतो.

मला आणलं होतं घरातल्या मुलाच्या अभ्यासासाठी. त्याने माझ्यावर अभ्यास सोडून सगळं केलं आणि सोलला निघून गेला. मग मी टॉवेलांच्या कपाटात पडून राहिलो. तिथून मला बाहेर काढलं त्याच्या आईने, ओक-हुईने. ती या घराची थोरली सून. थोरल्या घराला पितर पुष्कळ असतात आणि झाडून सगळे जेवायला येतात.

तिने मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि एक छोटीशी प्रेमाची मालिका लावली. कपडे धुण्याच्या दुकानातली मुलगी आणि दर वेळी एक मोजा विसरून जाणारा मुलगा. तो मनातलं सांगायला तोंड उघडतो, तोच कुणीतरी पार्सल घेऊन येतं. भाग दहा मिनिटांचा. भोपळ्याच्या कापांचा एक घाणा आणि एक भाग बरोबरच उतरतात. इतकं चोख काम मी अभ्यासाच्या दिवसांत कधी केलं नव्हतं.

चुसोकच्या, म्हणजे पितरांना पान वाढायच्या सणाच्या आदल्या दिवशी ओक-हुई आणि तिची धाकटी जाऊ मिरान सकाळपासून काप तळत होत्या. बाहेर पुरुष मंडळी पितरांविषयी आदराने बोलत बसली होती. तेवढ्यात चुलतसासरे ब्योंग-गिल काका आत आले. पितरांच्या पानाची मांडणी तेच करतात. बाकीच्यांच्या चुकाही तेच काढतात.

"पितरांचं रांधताना हे चाळे?" काका म्हणाले. "बंद कर तो डबा."

"तो बोलतोय, मी तळतेय," ओक-हुई म्हणाली. "तुम्ही तळायला बसता का काका? मग करते बंद."

मिरान खाली मान घालून अंडी फेटू लागली. ती आधीच फेटून झालेली होती.

"लक्ष तिकडे, हात इकडे," काका म्हणाले. "उद्या तुझ्या हातून एक जरी चूक झाली, तर हा टॅब घराबाहेर जाईल."

"चालेल. आणि दुसऱ्या कुणाच्या हातून झाली, तर तो माणूस बाहेर."

"कबूल." काकांची आजवर एकही चूक झालेली नव्हती. असं ते स्वतःच सांगत.

दुसऱ्या कुणी सणाच्या सकाळी मला गुपचूप झाकून ठेवलं असतं. ओक-हुईने शेवटचा भाग लावला, दार सताड उघडं ठेवलं आणि सूप वाढायला घेतलं. मला कपाटातला अंधार ठाऊक होता, तरी मी अडखळलो नाही. तिच्या दिवसात तिची स्वतःची अशी तेवढीच दहा मिनिटं होती. ती घालवणारा मी कोण?

समोरच्या ओसरीवर काका फळं मांडत होते. घरची रीत अशी की लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. इकडे मोजेवाल्या मुलाने तोंड उघडलं. पार्सल काही आलं नाही. काकांची मान हळूहळू दाराकडे वळली. हात आपले चालूच राहिले.

"भावजी," ओक-हुईच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सफरचंदं पश्चिमेला कधीपासून जायला लागली?"

सोललेल्या नाशपती पूर्वेला ऐटीत बसल्या होत्या.

ओक-हुई वाडगा घेऊन दारात आली. "काका, काल काय ठरलं होतं आपलं?"

"सणाच्या दिवशी वडीलधाऱ्याला बाहेर काढणार?"

"छे. आत या. काप गरम करायचेत."

सासूबाईंनी फळं आपल्या हाताने सरळ मांडली. त्यांना कुणी अडवलं नाही. काका बाह्या दुमडून तव्यापाशी आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज तरी कमी कर."

ओक-हुईने तो वाढवला.

मित्रांनो, मला जपा, असं मी गयावया करून सांगणार नाही. तेलाचे डाग मला चालतात, तडाही चालतो. फक्त, पहाटेपासून राबणारी बाई दहा मिनिटं दुसऱ्यांचं प्रेम बघत हसत असेल, तर तिथे हात घालू नका. घातलाच, तर काप उलटायची तयारी ठेवून या.