कुंभारणीचं घर

गाडीखालून पीरमहंमदचे फक्त पाय दिसत होते आणि शिव्या ऐकू येत होत्या.

"मानसिंगराव, ही गाडी न्हाई, चाळण हाय चाळण!"

फौजेतली ड्रायव्हरी संपवून मानसिंग घरी आला आणि कोयनेच्या कामावरचा हा जुना डिझेल ट्रक त्याने लिलावात घेतला. टर्बोची गाडी आमच्या गावात एवढीच. दिवाळीपासून मात्र ती तेल गाळत होती. पीरमहंमद कडेगावचा मिस्त्री. त्याने टर्बोच्या तेलनळीचे वायसर बदलले, तर मागचं सील गळू लागलं. सील बदललं, तर बाजूच्या झाकणातून ओघळ आला. कराड गाठायचं तर वाटेत थांबून थांबून तेल ओतावं लागे, आणि आता घरात ओतायलाही तेल उरलं नव्हतं.

आणि आज कराडला जायलाच हवं होतं. मानसिंगची बायको हरणाबाई आत वाकळेवर पडून होती. पाचवा महिना, आणि पहाटेपासून अंगावरनं जात होतं. आधीची दोन पोटं अशीच गेली होती. सुईण धोंडुबाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "माज्या हातातलं न्हाई. दवाखान्यात न्या." एसटी निघून गेली होती. बैलगाडीचे धक्के हरणाबाईला सोसणारे नव्हते.

पीरमहंमदने रॉकेलच्या फडक्याने इंजिन पुसून काढलं. मी शेजारीण, माझ्याकडून रांगोळी मागून घेतली आणि सगळ्या सांध्यांवर भुरभुरली.

"जितं पयलं ओलं हुईल, तितं चोर."

मानसिंगने इंजिन चालू केलं. आम्ही वाकून बघत राहिलो. रांगोळी एका जागी भिजली नाही. ती इथे, तिथे, टर्बोखाली, झाकणाच्या कडेला एकदमच काळी झाली.

"एक चोर आसता तर धरला आसता," पीरमहंमद म्हणाला. "हितं सारा गावच चोर हाय."

तेवढ्यात तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकली आणि भोकातून धूर फुसफुसला. पीरमहंमद चमकला.

"आरं तिच्या! आत दम कोंडलाय गड्या. हवा भायेर टाकायची नळी तुंबलीया. वाट न्हाई म्हणून घावंल त्या फटीतनं तेल ढकलतीया."

त्याने इंजिनामागे हात घातला. नळीच्या तोंडावर मातीचा घट्ट गोळा होता. त्याने पेचकस लावला आणि मागून साळूबाई ओरडली, "हात लावू नगंस!"

साळूबाई म्हणजे मानसिंगची आई. तिला जवळचं नीट दिसत नसे. दसऱ्याला गाडीची पूजा करताना बोटांना तो गोळा लागला, तेव्हाच तिने ओळखलं होतं. कुंभारीण माशीचं घर. ज्या घरात कुंभारीण माती आणते, तिथे पाळणा हलतो. त्याच महिन्यात हरणाबाईला दिवस गेले. तेव्हापासून साळूबाईने त्या नळीजवळ कुणाला जाऊ दिलं नव्हतं.

"आवं मावशी, ह्येच दुखणं हाय. ह्ये काढल्याबिगर गाडी घाट चढंना."

"आन ह्ये काढल्यावर प्वार ऱ्हाईल व्हय रं?"

"तेल भरायचं झाकण उघडं ठिऊन चालवू," मानसिंग म्हणाला.

"तेलाचं कारंजं उडंल. तेल सपून आर्ध्यात इंजान जाम हुईल. मग वैनीला खांद्यावर नेशीला का?"

मानसिंग पीरमहंमदला म्हणाला, "मग काढ की."

पीरमहंमदने पेचकस गाडीच्या पायरीवर ठेवला. "माज्या आम्मीनं बी कवा ह्ये घर फोडू दिलं न्हाई. मला सांगू नगा."

कुणीच हात पुढे करेना. आतून हरणाबाईचं कण्हणं आलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

साळूबाईने पायरी चाचपून पेचकस उचलला.

"पाप लागलं तर मला लागू दे. माजं काय ऱ्हायलंय?" नळीपुढे तिने हात जोडले. "बाई, तुजी ल्येकरं सांभाळ. माजं बी सांभाळ."

मग तिने तोंडाशी पदर धरला आणि गोळा फोडला. माती खळकन पडली. पीरमहंमदने पेचकस घेऊन आतली माती उकरली, तशी टोकाला पांढऱ्या, वाळलेल्या अळ्या चिकटून आल्या. दिवाळीच्या धुरातच मेल्या असणार.

"काय हाय रं आत? जिती हायती का?" साळूबाई हवेत हात फिरवत होती.

मानसिंगने तोंड फिरवलं. पीरमहंमदने पेचकस तेलकट फडक्याला पुसला.

"उडून गेल्यात मावशी, समदी. रिकामी खोली हाय."

"खरं?"

"अल्लाची आन."

इंजिन चालू झालं. पट्टी जागची हलली नाही. सांधे पुसून टाकलेली नवी रांगोळी पांढरीच राहिली. हरणाबाईला वाकळेसकट उचलून केबिनमध्ये निजवलं. वाकळेची रक्ताने भिजलेली कड मी आत खोचली, साळूबाईच्या चाचपणाऱ्या हातांना ओल लागू नये म्हणून. पीरमहंमदही बरोबर गेला.

धुरळा खाली बसला. साळूबाईने मातीचे तुकडे पदराच्या टोकाला बांधले, आणि गाडी उभी होती तिथे बसून जमीन तळव्याने चाचपू लागली.

"कोरडं हाय न्हवं गं?"

"कोरडं हाय, आत्याबाई."

"मग हरणीचं बी थांबंल."

"व्हय."

तिचा हात चाचपत चाचपत चाकाला लावलेल्या दगडाकडे निघाला होता. तिथे पीरमहंमदचं अळ्या पुसलेलं फडकं पडलं होतं. मी ते उचललं आणि मुठीत घट्ट धरून ठेवलं.