उजवा पाय पुढे

मारामाने मागून हलकेच ढकललं, तशी नायरी अडखळली आणि तोल सावरायला तिचा डावा पाय पुढे पडला.

"बघ मावशी, तुझा डावा पाय पुढे येतो. ही फळी उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याची. पट्टे फिरवून घेऊ."

"हात लावू नकोस त्याला."

बर्फावर उभ्याने घसरायची ती फळी ब्रायरची. नायरीची एकुलती लेक. शरदात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. पायांचे पट्टे तिने स्वतः, आपल्या उभं राहण्याच्या ढबीने बसवलेले. रुआपेहू पर्वताच्या या उतारावरून ही फळी एकदा तरी खाली न्यायची, लेकीने ठेवली तशीच, एवढंच नायरी रोज सकाळच्या प्रार्थनेत मागत आली होती.

"बरं बाई." मारामा ब्रायरबरोबरच इथे शिकवायची. "गुडघे वाकव. भार टाचांवर, बोटं वर. आणि खाली कशाला बघतेस? बर्फ पळून नाही जात."

आडवी घसरत नायरी बरी उतरे. पण फळीचं तोंड उताराकडे वळलं की अंग आपोआप उलटं फिरे, बोटांकडची कड रुते आणि ती तोंडावर आपटे.

"लोटांगणं पुरेत गं मावशी! पर्वत संकोचला."

नायरी हसली, उठली, पुन्हा पडली. ओठ फुटला.

मारामा शेजारी गुडघ्यावर बसली. "एक सांगू? दुसऱ्याच्या पट्ट्यांवर शिकायला आलेल्याला ब्रायर उभं करत नसे. तुलाही शिव्या घातल्या असत्या तिने."

"घालायला हवी होती ना ती," नायरी म्हणाली.

तिने ओठावरचं रक्त पुसलं. मग हातमोजा काढून हात पुढे केला. "पेचकस दे. मीच करते."

स्क्रू घट्ट होते. ब्रायरचा हात जड. एकेक सैल झाला आणि पट्टा इतका सहज फिरला, की नायरीच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

"आधीच्या जागेची खूण करून ठेवू का, मावशी?"

"कुणासाठी?"

त्यानंतर ती डावा पाय पुढे ठेवून तळाच्या कुंपणापर्यंत उतरली, उभीच्या उभी. वरून मारामा ओरडली, "आलं की गं तुला!"

नायरीने मान वर केली नाही. बर्फात बसून ती पट्टे सोडवू लागली, पण पहिला सुटताच तिने तो पुन्हा आवळला, आणि फळी पायाला तशीच राहिली.