कोरी बॅग

“बेळगावात मराठी अक्षरांची बॅग फाडली, निपाणीत कन्नडची. आता अक्षरंच नसलेली द्या, अण्णा,” वायरमन दीपंकर म्हणाला. दोन्ही वेळी हत्यारं गेली होती आणि त्यांच्यामागं कामंही.

दुकानदार भीमाप्पांनी जाड ताडपत्रीची, दुहेरी शिवणीची कोरी बॅग दिली.

तिसऱ्याच दिवशी चौकात मोर्चानं त्याला अडवलं.

“बॅगेवर कायबी न्हाय? म्हंजे तू त्यांचाच!”

मग पक्कड-हातोड्यासकट तीच बॅग पट्ट्याला धरून गरगरा फिरवत त्यांनी त्याला हाणली. पहिल्या फटक्यात दात गेले, दुसऱ्यात बरगडी.

“हाणा, पर आत नवा मीटर हाय!” दीपंकर रक्त थुंकत ओरडला.

म्होरक्या समंजस निघाला. त्यानं मीटर काढून कट्ट्यावर अलगद ठेवला, चेन लावली आणि पुन्हा बॅग फिरवली.