न बुडालेल्यांची बातमी

फोल्के ग्रंथालयात शिरताना दिसला की मी आधी दालचिनीच्या बन्सचं ताट झाकते. माणूस वाईट नाही हो, पण एक बन तोंडात, एक हातात आणि वर नवख्यांना उपदेश, हे त्याचं दर मंगळवारी ठरलेलं. हा निवृत्त शाळा-तपासनीस. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या लाल केल्या, आता वह्या मिळेनात म्हणून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाला जाऊन चिकटलाय. तो कोश म्हणे सगळ्यांचा आहे. कुणीही यावं, कुणीही लिहावं. आणि फोल्केनं खोडावं.

नवीन लिहिणाऱ्यांना मदत करायची म्हणून हा वर्ग सुरू झाला. जागा ग्रंथालयाची, कॉफी माझी, जीभ फोल्केची.

"प्रत्येक वाक्याला स्रोत हवा," तो सांगायचा. "छापील हवा, भरवशाचा हवा. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याच्याशी ज्याचं काही देणंघेणं नाही, अशा माणसानं लिहिलेला हवा."

म्हणजे ज्याला काही माहीत नाही त्यालाच विचारायचं. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाला, "गुनवोर, तू कॉफी ओत."

अशा या माणसाच्या तावडीत आमचा तूरे सापडला. तूरे आयुष्यभर फेरीबोटीवर दोर बांधायचं काम करत होता, बोलणं कमी, हात मोठे. त्यानं एक घोळ घालून ठेवला होता. सिग्नेमावशीच्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला, केक कापताना, भर लोकांत तो बोलून बसला, "मावशी, मी तुला ज्ञानकोशात घालणार!"

सिग्नेमावशी म्हणजे आमच्या धक्क्यावरची पोहण्याची शाळा. पन्नासहून जास्त उन्हाळे ती त्या लाकडी धक्क्यावर उभी राहिली, गळ्यात शिट्टी, डोक्यावर तीच ती पांढरी टोपी. गावातल्या प्रत्येकाला तिनं पाण्यात ढकललंय. ढकलायच्या आधी ती फक्त "बरं" म्हणायची. तिचं "बरं" ऐकलं की अजूनही मी पटकन नाक धरते. दोन वर्षांपूर्वी नगराध्यक्षानं खर्च नको म्हणून शाळा बंद केली आणि त्याच धक्क्याला स्वतःची नवी मोटरबोट आणून बांधली.

आता मावशीला नीट दिसत नाही. दर मंगळवारी काठी टेकत वर्गाला यायची, खुर्चीत बसायची आणि विचारायची, "आले का रे मी?"

"येतेयस, मावशी," तूरे म्हणायचा आणि फोल्केकडे बघायचा.

तूरेनं लेख लिहिला होता, तोही मनापासून. दुसऱ्याच दिवशी त्यावर पाटी लागली: स्रोत द्या, नाहीतर लेख काढला जाईल. मग सुरू झाली वरात. तूरेनं पोहण्याची प्रमाणपत्रं आणली, गावभरातून गोळा करून, बुटांच्या खोक्यात घालून.

"सही कुणाची?" फोल्केनं विचारलं.

"मावशीची."

"म्हणजे तिनंच स्वतःबद्दल लिहिलेलं. नाही चालत."

चर्चच्या पत्रिकेत चार ओळी सापडल्या. त्या मावशीच्या नणंदेनं लिहिल्या होत्या. घरच्याच माणसानं केलेलं कौतुक म्हणून त्याही बाद. तूरे वैतागून म्हणाला, "अरे, मी स्वतः शिकलोय तिच्याकडे! मी सांगतो ना!"

"पटतंय मला," फोल्के बन चावत म्हणाला, "पण चालत नाही."

"पटतंय पण चालत नाही" हे त्याचं आवडतं वाक्य. एखाद्या दिवशी त्याच्या थडग्यावर कोरून घेणार आहे मी.

"फोल्के," मी म्हटलं, "सात वर्षांचा असताना तू धक्क्याच्या खांबामागे गटांगळ्या खात होतास. केसाला धरून कुणी वर काढलं तुला?"

तो लाल झाला. "म्हणूनच तर! माझे हितसंबंध आहेत यात. मी तर तिच्याबद्दल अवाक्षर लिहू शकत नाही."

बघा! जीव वाचवलेला माणूस हा असा. केस तरी थोडे कमी ओढायचे होते मावशीनं.

शेवटी मीच आमच्या किनाऱ्यावरच्या वर्तमानपत्राच्या आल्वाला फोन केला. चुणचुणीत बातमीदार, मंगळवारी आलीसुद्धा. बन घेतला, पेन काढलं आणि विचारलं, "हं, काय झालं?"

"काही नाही झालं," तूरे म्हणाला. "इतकी वर्षं झाली, गावातलं एक मूल बुडालं नाही."

"बरोबर. पण झालं काय?"

"अगं, तेच झालं! बुडालं नाही कुणी!"

आल्वानं पेनाचं टोपण लावलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "तूरे, जे झालं नाही त्याची बातमी कशी करू मी? संपादक मला हाकलून देईल. एखादं बुडालं असतं आणि हिनं वाचवलं असतं, तर पहिलं पान दिलं असतं."

"ही बुडूच देत नव्हती," तूरे म्हणाला.

"तिथंच चुकलं," फोल्के म्हणाला. विनोद नव्हता बरं का तो.

मावशी इतका वेळ बनवरची साखर बोटानं टिपत होती. तिनं मान वर केली. "म्हणजे पोरी, पेपरात यायला काहीतरी वाकडं व्हावं लागतं?"

"घडावं लागतं काहीतरी, एवढंच," आल्वा म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाली.

माझा हात नाकाकडे गेला.

पुढच्या शनिवारी नगराध्यक्षाकडे झिंग्यांची मेजवानी होती, आमच्याकडे दर ऑगस्टात असते तशी. धक्क्याशेजारी मांडव, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या, दर घोटाला एक गाणं. ही शहाणी माणसं गळे काढत असताना मावशीनं नगराध्यक्षाच्या बोटीचा दोर सोडला, आत उतरली आणि बोट सुरू केली. किल्ली तिथंच लटकत होती, आमच्या गावात कोण चोरतंय! बंदरात तिनं तीन मोठाल्या गिरक्या घेतल्या. नगराध्यक्ष कागदी टोपी घालून काठानं धावत होता आणि ओरडत होता. डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे शेवटी ती मासळीवाल्याच्या पाण्यालगतच्या फळ्यांवर धडकली. बोटीचं नाक फुटलं, मावशीला खरचटलंसुद्धा नाही.

"तूरे," बाहेर पडताना ती म्हणाली, "आता तरी घेतील ना रे?"

घेतलं की! आल्वानं पहिलं पान दिलं. गोथेनबर्गच्या मोठ्या पेपरचा माणूस आला, मग स्टॉकहोमचा. मावशीनं प्रत्येकाला तासतासभर पोहण्याच्या शाळेबद्दल सांगितलं. त्यांनी मान डोलावली, कॉफी प्यायली आणि बोटीबद्दल छापलं. पोलिसांनी समज देऊन सोडून दिलं.

मंगळवारी फोल्के नाचतच आला. "तीन स्रोत! तीन! छापील, भरवशाचे, एकमेकांशी संबंध नसलेले!" हितसंबंध कुठल्या कुठे पळाले. स्वतःच बसला आणि सुरेख लेख लिहिला. पहिलंच वाक्य: नगराध्यक्षांची बोट पळवल्याबद्दल प्रसिद्ध असलेली स्वीडिश महिला.

तूरेचा चेहरा बघवेना. "आणि शाळा?"

"त्याला स्रोत कुठाय?"

मग मी बन्सचं ताट उचललं आणि आत निघाले. तेव्हा कुठे फोल्के वरमला. शेवटी त्यानं एक वाक्य घातलं, की तिनं पन्नासहून अधिक वर्षं गावातल्या मुलांना पोहायला शिकवलं आणि त्या काळात एकही मूल बुडालं नाही. आणि त्याच्या शेपटीला कंसात डकवलं: स्रोत हवा.

त्या संध्याकाळी आम्ही मावशीच्या स्वयंपाकघरात होतो. "आले का मी?"

"आलीस, मावशी." तूरेनं वाचून दाखवलं. बोट, गिरक्या, मासळीवाल्याच्या फळ्या. ती जरा हसली. मग म्हणाली, "आणि पोरं?"

"पोरंही आहेत. फक्त पुढं लिहिलंय, स्रोत हवा."

"कुणाला हवाय?" मावशीनं विचारलं. तूरे खाली बघून टेबलावरचे कण गोळा करत बसला. मला इतका राग आला होता की रडूच आलं.

हिवाळा गेला. जुलै आला. मी आणि तूरे मावशीकडे स्ट्रॉबेरी निवडत बसलो होतो, तेवढ्यात फोल्के धापा टाकत आत आला. हातात सकाळचा पेपर, चष्मा कपाळावर, चेहरा नुसता फुललेला.

"मिळाला! सिग्ने, मिळाला! ऐक: 'गावात पन्नासहून अधिक वर्षं असा एकही अपघात झाला नव्हता. सिग्ने यांनी चालवलेल्या पोहण्याच्या शाळेत गावातलं प्रत्येक मूल पोहायला शिकत असे.' नावानिशी! छापील!"

तूरे उठून उभाच राहिला. मावशीच्या हातातली स्ट्रॉबेरी तशीच राहिली.

"असा म्हणजे कसा?" ती म्हणाली.

"काय?"

"असा अपघात, म्हणालास. कुणाचं पोर? जिवंत आहे का?"

फोल्केनं पेपर उलटला, सुलटा केला. चष्मा शोधायला लागला. त्याला माहीत नव्हतं. गाढवानं तेवढ्या दोन ओळी वाचल्या होत्या आणि धावत सुटला होता.

मी पेपर हिसकावून घेतला. सहा वर्षांची मुलगी, बेकरीवाल्यांची नात. जुन्या धक्क्यावरून पडली, नगराध्यक्षाच्या बोटीखाली गेली. हेलिकॉप्टरनं इस्पितळात नेलं होतं. श्वास चालू होता, रात्री आईला ओळखलं होतं.

मी हे मोठ्यानं वाचलं. मावशी उठली. भिंतीवर चाचपडत खिळ्यावरची शिट्टी काढली, गळ्यात घातली.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सकाळी धक्क्यावर. गावातली सगळी पोरं घेऊन या म्हणावं."

"पण सिग्ने," फोल्के चाचरत म्हणाला, "नगरपालिकेची परवानगी..."

"फोल्के, त्या खांबामागं तुझे पाय टेकत नव्हते, तेव्हा मी कुणाची परवानगी घेतली होती?"

दुसऱ्या दिवशी तो आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पोरांचे टॉवेल दोन्ही हातांवर घेऊन उभा होता. तूरे पाण्यात होता, मावशीचे डोळे म्हणून. नगराध्यक्ष आपली बोट हलवताना दिसला, पण तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही.

लेखातला तो कंस आता गेलाय. त्या जागी स्रोताचा एक छोटासा आकडा आहे. तो दाबला की बेकरीवाल्यांच्या नातीची बातमी उघडते. फोल्के नवख्यांना उदाहरण म्हणून दुसराच एखादा लेख दाखवतो. त्या आकड्याला आमच्यापैकी कुणी हात लावत नाही.